शेवटी ती पाया पडते

"अंबर्डेकर, तुम्हाला स्वतःची आई आहे का हो?" असं एका गृहस्थांनी मला भर सभेत विचारलं आणि नगरवाचनालयाच्या सभागृहात टाळ्या पडल्या.

मी म्हटलं, "होती. पण ती सिनेमाला जाताना रुमाल न्यायची नाही, डोकं न्यायची." मग माझ्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते गृहस्थ लालबुंद होऊन खाली बसले. मला मोठी मजा वाटली. त्या वयात मला लोकांना खाली बसवण्यात फार मजा वाटत असे.

ही गोष्ट कराडची, एकोणीसशे एकोणनव्वदच्या मार्चमधली. मी आमच्या पेपरात दर रविवारी सिनेमाचं परीक्षण लिहीत होतो. सदराचं नाव 'चाळण'. दहा वर्षं मी ते चालवलं होतं आणि त्या दहा वर्षांत चाळणीत वर काही उरलंय असं फारसं झालं नव्हतं. गावात गजलक्ष्मी टॉकीजला 'उंबऱ्याची आण' नावाचा सिनेमा लागला होता. सासुरवास, दागिन्यांची चोरी, मुका दीर, सगळं त्यात होतं. बायका ट्रकमध्ये बसून आसपासच्या गावांतून येत होत्या. मी परीक्षणात पहिलंच वाक्य लिहिलं, "आपल्या गावात नळाला पाणी नसलं तरी आपल्या भगिनींच्या डोळ्यांना मुबलक आहे, हे या सिनेमाने सिद्ध केले."

गाव पेटलं. आठवडाभरात साठ-सत्तर पत्रं आली. संपादक भाऊसाहेब धर्माधिकारींनी ती सुतळीने बांधून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, वाचा. मी वाचली नाहीत. वाचकांची पत्रं मी कधीच वाचत नसे. न्हाव्याने गिऱ्हाइकाला विचारून वस्तरा चालवायचा नसतो, असं मी म्हणायचो, आणि हे वाक्य मला स्वतःला फार आवडायचं. तेव्हा भाऊसाहेबांनीच पुढच्या रविवारी ही सभा ठरवली. अध्यक्ष ते स्वतः. त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं की आज अंबर्डेकर निरुत्तर झाले तर पेपर माफी मागेल आणि 'चाळण' बंद होईल. नाही झाले तर वाचकांनी हा विषय सोडावा. मला ते एकदम मान्य होतं. मी निरुत्तर होणाऱ्यांतला नव्हतो.

तासभर नुसती जुंपली होती. एक जण म्हणाला, तुम्हाला चार भिंतींतलं दुःख काय कळणार. मी म्हटलं, दुःख कळतं, पण ते दर दहा मिनिटांनी गाणं म्हणत नाही. कॉलेजचे प्राध्यापक तुंगारे माझ्या मदतीला उठले आणि त्यांनी अभिरुची या विषयावर वीस मिनिटं भाषण केलं. त्यांनी सिनेमा पाहिला नव्हता, आणि ते त्यांनी अभिमानाने सांगितलं. खरं तर माझ्या बाजूच्या एकानेही तो पाहिला नव्हता. आणि विरुद्ध बाजूच्या बहुतेकांनी परीक्षण पुरतं वाचलं नव्हतं. नळाच्या वाक्यापाशीच त्यांचं माथं भडकलं होतं. अशी ही चर्चा. दोन्हीकडचे लोक जिवाच्या आकांताने भांडत होते.

शेवटी एका शिक्षिकाबाईंनी विचारलं की मराठी सिनेमात चांगलं काहीच नसतं का. मी उभा राहिलो. मी म्हटलं, दहा वर्षं मी एकच गोष्ट मागतोय. नायिकेने एकदा तरी त्या घराला पाठ दाखवावी. पण नाही. मार खाईल, उपाशी राहील आणि शेवटी सासूच्या पायावर डोकं ठेवील. एक पाहिला की सगळे पाहिल्यासारखे. शितावरून भाताची परीक्षा होते, बाई.

टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. आणि तेवढ्यात मागून, चपला काढल्या होत्या तिथून, एक बाई उठली. पंचेचाळिशीची, अंगाने किरकोळ, हिरवं धुवट लुगडं. उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. हातात पेपरचं कात्रण होतं.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही लिहिलंय, शेवटी ती सासूच्या पाया पडते. कुठं पडते?"

सभागृहात थोडी कुजबुज झाली. मी तिच्याकडे पाहिलं.

आता सांगून टाकतो. शेवट मी पाहिलाच नव्हता.

आमची रविवारची पुरवणी शुक्रवारीच छापली जायची. माझा मजकूर तीन वाजता कंपोझला गेला पाहिजे, असा नियम होता. गजलक्ष्मीचा पहिला खेळ बाराला सुरू व्हायचा. पूर्ण सिनेमा पाहिला तर लिहायला वेळ उरत नसे. म्हणून मी मध्यंतरात उठायचो, कोपऱ्यावर चहा घ्यायचो आणि ऑफिसात जाऊन लिहायचो. पुढची गोष्ट गाण्यांच्या पुस्तकात असायची. टॉकीजच्या दारात मिळणारं ते आठ पानी पातळ पुस्तक. त्यात सगळं कथानक देत, फक्त शेवट नाही. तिथे छापलेलं असे, 'पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावरच पाहा.' मी तो शेवट माझा मी लिहायचो. दहा वर्षं लिहीत आलो होतो आणि दहा वर्षं तो बरोबर येत होता. सगळ्याच नायिका पाया पडत होत्या.

"शेवटी पडते, बाई," मी म्हटलं. "डोळ्यांत पाणी असल्यामुळे तुम्हाला दिसलं नसेल."

काही लोक हसले. ती हसली नाही. "न्हाई पडत," ती म्हणाली. "मी तीनदा बघितलाय."

आता विरुद्ध बाजूचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना आठवत होतं. 'अरे हो, खरंच की' असं कुणीतरी म्हणालं. भाऊसाहेब माझ्याकडे चष्म्यावरून पाहत होते. माझ्या दहा वर्षांचं भवितव्य त्या बाईच्या हातातल्या कात्रणावर येऊन ठेपलं होतं, आणि मला तिचा असा संताप आला की बस. कोण कुठली बाई, आणि मला विचारते!

मग मी खोटं बोललो. मी शांतपणे म्हटलं, "मी पहिल्या दिवशीचा पहिला खेळ पाहिला. त्यात ती पाया पडत होती. नंतरच्या खेळांत टॉकीजवाल्यांनी काय कापलं, ते मला माहीत नाही. गजलक्ष्मीचा ऑपरेटर रिळं कापतो हे मी कराडकरांना सांगायला हवं का?"

सभागृह खदाखदा हसलं. गजलक्ष्मीचा ऑपरेटर खरोखरच रिळं कापायचा. पाचवा खेळ बसवण्यासाठी त्याने एकदा अख्खं लग्न कापलं होतं आणि नायिका एकदम बाळंतच झाली होती. विषय तिकडे वळला. लोक आपापले किस्से सांगू लागले. ती बाई काहीतरी बोलत होती, पण तिचा आवाज कुणापर्यंत पोचला नाही. भाऊसाहेबांनी आभार मानले आणि 'चाळण' बचावली.

मी गळ्यात हार पडल्यासारखा बाहेर पडलो. ती बाई वाचनालयाच्या पायरीखाली उभी होती. मी बाजूने जायला लागलो तशी ती आडवी आली. नाव तिनेच सांगितलं. अनुसयाबाई खबाले. एसटी स्टँडमागच्या खानावळीत पोळ्या करायची.

"शुक्रवारच्या पहिल्या खेळाला मीबी होते," ती म्हणाली. "तुम्ही इंटरवलला उठलात. माझ्या अंगठ्यावर बूट देऊन गेलात. परत आला न्हाईत. तुमची खुर्ची मोकळी होती, त्यावर मी पिशवी ठेवली."

कुणी ऐकतंय का म्हणून मी मागे पाहिलं.

"आत सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "तुमची अब्रू घेऊन मला काय करायचंय? मला फक्त ते छापून पाहिजे. ती पाया पडत न्हाई, एवढंच."

मग तिने सांगितलं. तिची लेक छाया दोन महिन्यांपासून माहेरी होती. पाठीवर वळ घेऊन आली होती. अनुसयाबाईंनी लेकीला धाडायचं नाही असं ठरवलं होतं, त्यांचा नवराही कसाबसा कबूल झाला होता. गेल्या रविवारी छायाचा सासरा आला. निवृत्त तलाठी माणूस, बोलायला गोड. त्याने आमचा पेपर आणला होता. ओसरीवर बसून त्याने माझं परीक्षण वाचून दाखवलं आणि म्हणाला, बघा, एवढी ट्रक भरभरून माणसं ज्या पोरीला बघायला जातात, तीसुद्धा शेवटी पाया पडून घरात येते. पेपरात आलंय. आमची काय वेगळी मागणी आहे? सासूच्या पाया पडावं, विषय संपला. नवऱ्याला ते पटलं. येत्या गुरुवारी सासरची माणसं छायाला न्यायला येणार होती.

"मी म्हटलं मालकांना, अहो, मी डोळ्यांनी बघितलंय, न्हाई पडत ती. तर म्हणाले, तू पोळ्या लाटतीस, तुला काय कळतंय? छापलेलं खोटं असतंय व्हय?"

इथे माणसाला लाज वाटली पाहिजे. मला राग आला. तो सभेत दाबलेला सगळा राग तिच्यावर निघाला. मी म्हटलं, पेपर तुमच्या घरची भांडणं मिटवायला काढलेला नाही. सिनेमा पाहून लेकीबाळींचे निर्णय घेता, मग मी तुम्हाला अडाणी म्हटलं तर चुकलं काय? मी असंच म्हणालो. शब्द न् शब्द मला आठवतोय, कारण तेव्हापासून मी तो विसरायचा प्रयत्न करतोय.

ती जरासुद्धा चिडली नाही, निदान आवाजात तरी. "तुम्ही आत म्हणालात, शितावरून भाताची परीक्षा," ती म्हणाली. "शीत शिजल्यावर दाबून बघतात, साहेब. तुम्ही आधण ठेवलं तवाच उठलात." आणि लंगडत निघून गेली.

घरी आलो तो डोक्यात नुसता जाळ. बायकोने विचारलं, सभा जिंकलात ना, मग तोंड असं का? मी तिच्यावरही खेकसलो. सोमवारी सकाळी ऑफिसात पहिल्यांदा ती सुतळी सोडली. साठ-सत्तर पत्रांपैकी अकरा पत्रांत तेच लिहिलं होतं. एक पत्र आठवीतल्या मुलीचं होतं. तिने अक्षर कोरून लिहिलं होतं की काकांनी शेवट चुकीचा लिहिला आहे, तरी कृपया पुन्हा पाहावा. इतके दिवस ते पत्र माझ्या कोपरापाशी पडून होतं.

बाराच्या खेळाचं तिकीट काढलं. फुकट पासावर नाही, पैसे देऊन. पहिला अर्धा पुन्हा पाहिला आणि तो पहिल्यापेक्षा जास्त भिकार वाटला. मध्यंतर झालं. पाय सवयीने उठायला लागले, ते मी खुर्चीखाली दाबून धरले. दहा वर्षांत गजलक्ष्मीच्या मध्यंतरानंतरची घंटा मी पहिल्यांदा आतून ऐकली.

शेवटाला ती पोरगी सासरच्या उंबऱ्याशी येते. घरातले सगळे ओळीने उभे असतात. सासू पाय पुढे करते. मुका दीरसुद्धा खुणेने सांगतो, पड. ती वाकते. आमच्या टॉकीजमध्ये तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येत होता. ती वाकते आणि सासूच्या पायाशेजारी तिच्या स्वतःच्या चपला असतात, मार खाऊन निघाली तेव्हा राहिलेल्या, त्या उचलते. पायांत घालते. आणि जाते. गाणं नाही, संवाद नाही, मागे वळून पाहणं नाही. बस, जाते.

आजूबाजूच्या बायका रडत नव्हत्या. त्या शिट्ट्या मारत होत्या. साठीची एक म्हातारी खुर्चीवर उभी राहून पदर हलवत होती. आणि मी, दहा वर्षं नेमकं हेच मागणारा माणूस, तिथे बसून स्वतःला मनातल्या मनात ठेवणीतल्या शिव्या घालत होतो. मागितलेली गोष्ट माझ्या गावात चालून आली तेव्हा मी कोपऱ्यावर चहा पीत होतो. वर गावाला सांगितलं की ती आलीच नाही. आणि माझं ते सांगणं एका माणसाने ओसरीवर बसून एका पोरीच्या गळ्यात दोर घालायला वापरलं.

तडक भाऊसाहेबांकडे गेलो. मजकूर लिहूनच नेला होता. ते वाचून त्यांनी दार लावून घेतलं. कालच तुम्हाला वाचवलं, म्हणाले, आणि आज तुम्ही आमच्या तोंडाला काळं फासता? पुढच्या एखाद्या परीक्षणात दोन ओळी घुसवा आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, पुढचा रविवार चालणार नाही, बुधवारीच पाहिजे, पहिल्या पानावर. ते म्हणाले, हे छापलं की 'चाळण' संपली, आणि या इमारतीतली तुमची खुर्चीसुद्धा. मी म्हटलं, छापा. आम्ही एकमेकांवर इतके ओरडलो की खालचे कंपोझिटर जिन्यावर येऊन उभे राहिले. शेवटी त्यांनी माझ्या चाळीस ओळींच्या चार केल्या. पण मुख्य ओळ मी कापू दिली नाही.

बुधवारी पहिल्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, चौकटीत आलं: "'उंबऱ्याची आण' या चित्रपटातील नायिका शेवटी कोणाच्याही पाया पडत नाही. ती आपल्या चपला घालून निघून जाते. आमच्या परीक्षकांनी हा चित्रपट मध्यंतरापर्यंतच पाहिला होता. टॉकीजच्या ऑपरेटरने काहीही कापलेले नाही."

गावाने माझी जी काही शोभा करायची ती केली. चहावाला मला मध्यंतर म्हणू लागला. प्राध्यापक तुंगारे रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जाऊ लागले. मला त्याचं काही वाटलं नाही असं नाही, फार वाटलं. पण त्या दोन दिवसांत मी वाट पाहत होतो ती गुरुवारची. गुरुवार गेला. मला काहीच कळलं नाही, आणि खानावळीपर्यंत जायची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता मी ऑफिसात टेबल आवरत होतो. दहा वर्षांत शुक्रवारी त्या वेळी मी ऑफिसात कधी नव्हतो. अनुसयाबाई आल्या. हाताला अजून पीठ होतं. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

मी विचारलं, "काल आले होते?"

"आले होते. तलाठी परत पेपर घेऊन आला होता, आधीचाच. मालकांनी हा बुधवारचा पुढं केला. दोन्ही शेजारी ठेवून बोट लावून वाचले." त्यांनी हाताचं पीठ पदराला पुसलं. "मग म्हणाले, पेपरवालेच दोन दोन सांगतात, आता कुणाचं धरायचं? मी म्हटलं, आता तरी माझं धरा."

"मग?"

"पोरगी घरात हाय."

मी खुर्चीत बसलो. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण त्यांनी बोलू दिलं नाही.

"आभार मानायला आले न्हाई मी," त्या म्हणाल्या, आणि आता पहिल्यांदा त्यांचा आवाज कापत होता. "ज्या रविवारी ते छापून आलं, तवापास्नं माझी पोरगी धड जेवली न्हाई. अकरा दिवस. रात्री उठून दाराची कडी बघून यायची. तिच्या बापानं तिच्याकडं बघणं टाकलं होतं. तुम्हाला दीड तास बसवलं न्हाई म्हणून. ते सांगायला आले."

मी मान खाली घातली. त्यांच्या अंगठ्याची चिंधी सुटली होती आणि नख काळंनिळं पडलं होतं. मी म्हटलं, माझं चुकलं. दहा वर्षांत एवढं छोटं वाक्य मी लिहिलंही नव्हतं आणि बोललोही नव्हतो.

त्यांनी ते ऐकलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. जायला वळल्या आणि दारात थांबून विचारलं, "शेवटी बघितलात न्हवं सिनेमा?"

"पाहिला. सोमवारी."

"कसा वाटला?"

अख्ख्या गावाशी मी दहा वर्षं सिनेमावरून भांडलो, पण हा प्रश्न मला कुणी असा विचारला नव्हता. टोमणा नाही, आव्हान नाही. आणि त्यांच्याशी खोटं बोलण्याची सोय आता राहिली नव्हती.

"शेवट फार चांगला आहे," मी म्हटलं. "पहिला अर्धा भिकार आहे."

"ते खरं हाय," अनुसयाबाई म्हणाल्या. "मलाबी झोप आली. पर मी उठले न्हाई."